नव्या विमा एजंटांना विकली जाणारी 'लीड पॅकेजेस': इंदूरच्या बाजारात त्यांची खरी किंमत काय?

आयसी-३८ ही विमा एजंटाची परीक्षा पास झालेल्या माणसाला इंदूरात दोन गोष्टी लागोपाठ मिळतात: एजन्सी कोड आणि लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकांची नावं-नंबर, विकणाऱ्यांचे फोन. परीक्षा तशी अवघड नाही. ५० प्रश्न, एक तास, ३५ टक्क्यांना पास. अवघड काम त्यानंतर सुरू होतं, कारण ओळखीच्या माणसांची यादी संपली की पुढे कुणाकडे जायचं हे त्या अभ्यासक्रमात कुठेच नाही. नेमक्या या ठिकाणी पॅकेजवाला येतो. 'महिन्याला इतके ग्राहक, तुम्ही फक्त क्लोज करा' असं सांगतो आणि नवखा माणूस पहिल्या कमिशनच्या आधीच पैसे भरून मोकळा होतो.

या सेवा शहरात तीन रूपांत मिळतात, आणि तिघांना एकच माप लावून चालणार नाही.

सगळ्यात स्वस्त म्हणजे नुसती यादी. एक्सेल फाइल, त्यात हजारो नावं, मोबाइल नंबर, कधी पिनकोड, कधी 'कार मालक' किंवा 'डॉक्टर' असं लेबल. ही फुकट मिळाली तरी घेऊ नये. त्यातल्या कुणीही तुम्हाला फोन करायची परवानगी दिलेली नाही. डीएनडीमध्ये, म्हणजे नको असलेले जाहिरातीचे कॉल बंद करण्याच्या सोयीत, बँकिंग, विमा आणि वित्तीय उत्पादनं हा स्वतंत्र प्रकार आहे, आणि अशा याद्यांतल्या अनेकांनी तो बंद करून ठेवलेला असतो. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम आणखी आवळले. साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरातीचे कॉल करणाऱ्याविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते. पहिल्या वेळी १५ दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा तेच केलं तर सगळ्या कंपन्यांची कनेक्शनं वर्षभरासाठी तोडली जातात. एजंटाचा नंबर त्याच्या प्रत्येक ग्राहकाच्या फोनमध्ये, कार्डावर, दारावरच्या पाटीवर असतो. तो गेला तर दुकानाचं शटर पडल्यासारखंच. पाच तक्रारी व्हायला एक सकाळ पुरते.

हीच यादी व्हॉट्सॲपवर वापरायचा सल्लाही पॅकेजबरोबर येतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात हे खरं, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून मग 'बल्क टूल' विकलं जातं आणि त्यातून खातं बंद पडतं. या प्रकाराला आमच्याकडून शून्य गुण.

दुसरा प्रकार 'लाइव्ह लीड'चा. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात, त्याखाली फॉर्म, आणि फॉर्म भरणाऱ्याचं नाव तुमच्या फोनवर. इथे माणसाने स्वतःहून काहीतरी विचारलेलं असतं, म्हणून हा प्रकार तपासून पाहण्यासारखा आहे. फक्त विकत घेताना आकडा बघू नका, फॉर्म बघा. बहुतेक पॅकेजांत फॉर्म नाव, फोन आणि शहर इतकाच असतो. फेसबुक नाव-नंबर आपोआप भरून देतं, त्यामुळे अंगठा चुकून लागला तरी लीड तयार होते. तुम्ही फोन केल्यावर 'मी काही भरलं नाही' असं जो म्हणतो तो खोटं बोलत नसतो.

उपयोगाच्या फॉर्मवर वय, व्यवसाय, रिटर्नमध्ये दाखवलेलं वार्षिक उत्पन्न, तंबाखू किंवा सिगारेट घेता का, गृहकर्ज आहे का आणि फोन कधी करावा हे प्रश्न हवेत. उत्पन्नाचा प्रश्न गाळला तर टर्म इन्शुरन्सच्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याच्या, अर्ध्या लीड तिथेच वाया जातात. विमा कंपनी नोकरदाराकडून सहसा तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा किंवा फॉर्म-१६ मागते, व्यावसायिकाकडून दोन-तीन वर्षांचे रिटर्न. सियागंजात किंवा क्लॉथ मार्केटमध्ये उलाढाल भरपूर असलेला माणूस रिटर्नवर फार कमी उत्पन्न दाखवत असेल, तर त्याला १ कोटीचं कव्हर मिळत नाही. फॉर्मवर तो 'बिझनेसमन' असतो, प्रपोजल (विम्याचा अर्ज) अंडररायटिंगमध्ये, म्हणजे कंपनीच्या जोखीम-तपासणीत, अडकतं आणि तुमचे तीन आठवडे जातात.

तंबाखूचा प्रश्न आपल्या शहरात विशेष महत्त्वाचा. गुटख्याची पुडी खाणारा माणूस 'सिगारेट घेता का?' याला मनापासून 'नाही' म्हणतो. मेडिकलमध्ये कोटिनिन, म्हणजे तंबाखूतल्या निकोटिनचा शरीरातला अंश, तपासलं जातं, दर बदलतो आणि 'फोनवर तर वेगळा हप्ता सांगितला होता' म्हणून तो उठून जातो. त्याहून वाईट म्हणजे तपासणी झाली नाही, पॉलिसी मिळाली आणि पहिल्या तीन वर्षांत क्लेम आला. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर प्रश्न उपस्थित करता येत नाही, त्याआधी येतो. तेव्हा पहिल्याच फोनवर 'काका, पान-तंबाखू-गुटखा काहीही चालतं का? लपवू नका, उद्या काकूंना त्रास होईल' असं स्पष्ट विचारलेलं बरं. वाईट वाटून दोन जण फोन ठेवतील, ठेवू द्या.

लाइव्ह लीडमध्ये दुसरी खोट भूगोलाची. 'इंदूर' म्हणून दिलेल्या नावांत देवास, महू, पिथमपूर आणि धारपर्यंतची माणसं निघतात, कारण जाहिरात शहराभोवतीचा मोठा गोल आखून चालवलेली असते. पिथमपूरच्या कारखान्यातल्या माणसाला शिफ्टमध्ये फोन उचलता येत नाही, आणि उचलला तरी भेटायला जाण्यात अर्धा दिवस जातो. पैसे देण्यापूर्वी पिनकोड ठरवून घ्या. राजेंद्र नगर, सुदामा नगर, वैशाली नगर असा एक पट्टा किंवा विजय नगरच्या बाजूचा एक पट्टा, दोन्ही एकदम नकोत. पिनकोड देता येत नाही असं उत्तर आलं तर समजा की जाहिरात तुमच्यासाठी चालतच नाही. एकच जाहिरात सगळ्या एजंटांत वाटली जातेय.

वाटली जातेय का, हे ओळखायची सोपी रीत आहे. फोनवर नमस्कारानंतर लगेच विचारा, 'याबद्दल आणखी कुणाचे फोन आलेत का?' माणसं खरं सांगतात. पहिल्या दहातल्या चारपाच जणांनी 'सकाळपासून तिसरा' असं म्हटलं की 'एक्सक्लुझिव्ह' या शब्दाचे घेतलेले जास्तीचे पैसे परत मागा.

आता हिशेब. पॅकेजवाला 'प्रति लीड' भाव सांगतो. एजंटाने 'प्रति इश्यू झालेली पॉलिसी' भाव काढायचा. समजा १०० लीडचे ₹१०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹११,८००. त्यातून तीन टर्म पॉलिसी निघाल्या, प्रत्येकीचा वार्षिक हप्ता ₹१२,००० आणि पहिल्या वर्षाचं कमिशन समजा २५ टक्के, तर हातात ₹९,००० येतात. पेट्रोल आणि फोन धरलेलाच नाही. तीनऐवजी चार पॉलिसी झाल्या तरी उरतात जेमतेम ₹२००. कमिशन वर्षाला ₹२०,००० च्या वर गेलं की २ टक्के टीडीएसही कापला जातो. तो रिटर्न भरून परत मिळू शकतो, पण त्या महिन्यात खिशात नसतो. समर्थनाला एकच मुद्दा उरतो, तो म्हणजे पुढच्या वर्षांचं रिन्युअल कमिशन आणि त्याच घरातली दुसरी पॉलिसी. तो खरा आहे, पण पॉलिसी टिकली तर. विकत घेतलेल्या लीडवरची पॉलिसी तेराव्या महिन्यात टिकते का, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरला जातो का, हे कुठलाच पॅकेजवाला सांगत नाही, कारण त्याचा संबंध पहिल्या फोनवरच संपलेला असतो.

टर्मच्या लीडमध्ये आणखी एक पेच आहे. फॉर्म भरणारा माणूस त्याच संध्याकाळी तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर भाव बघतो. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर थेट घेतल्यास हप्ता थोडा कमी दिसतो. तो तुम्हाला म्हणतो, 'तेवढं कमी करा.' इथे नवखा एजंट कमिशनमधून सूट देतो. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे ती सूट बेकायदा आहे, १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि घेणाराही त्यात येतो. भावावर आलेली लीड भावावरच जाते. तिच्यामागे दोनापेक्षा जास्त फोन खर्च करू नयेत.

जानेवारी ते मार्चमध्ये 'टॅक्स वाचवा' जाहिरातीच्या लीड महाग होतात. २०२३-२४ पासून नवी कर पद्धत आपोआप लागू होणारी आहे आणि तिच्यात विमा हप्त्यावर मिळणारी ८०-सी ची वजावट नाही. विजय नगर किंवा सुपर कॉरिडॉरच्या आयटीवाल्या मुलामुलींपैकी बरेच नव्या पद्धतीत असतात. पहिला प्रश्न 'तुम्ही जुन्या पद्धतीत रिटर्न भरता की नव्या?' हाच हवा. उत्तर 'नव्या' आलं तर करबचतीचा विषय सोडून सरळ संरक्षणावर बोला, नाहीतर नंतर 'फसवलं' ऐकावं लागेल. तसंही पॉलिसी किती वर्षांची आहे हे कळल्यावर ती परत करणारे असतात: पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांचा फ्री लुक आहे. आणि परत केलेल्या पॉलिसीवरचं कमिशन कंपनी परत घेते.

जाहिरातीच्या मजकुराबद्दल मात्र ढिलाई अजिबात नको. पॅकेजवाला तुमच्या नावाचं पान काढून त्यावर 'रोज इतके भरा, इतके लाख हमखास' असं टाकतो. पॉलिसीचे फायदे सांगणारी जाहिरात एजंटाला कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. नाव, फोन, पत्ता, कंपनीचं चिन्ह इतकं असेल तर ठीक. बोनस असलेल्या पॉलिसीच्या तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के अशा दोन गृहीतकांचे आकडे असतात, त्यातला मोठा आकडा उचलून 'हमखास' लिहिलं की तक्रार पॅकेजवाल्यावर जात नाही, तुमच्या कोडवर जाते. त्यांचे तयार तक्तेही जुने असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला, तरी १८ टक्के धरून केलेले तक्ते अजून फिरताहेत. आकडा नेहमी कंपनीच्या चालू सॉफ्टवेअरमधूनच काढावा.

तिसरा प्रकार 'यश मिळालं तरच पैसे'. ऐकायला सगळ्यात न्याय्य वाटतो, आणि आहे सगळ्यात धोक्याचा. कलम ४० प्रमाणे विमा मिळवून देण्याबद्दल मोबदला फक्त परवानाधारक एजंट किंवा मध्यस्थालाच देता येतो. पॉलिसी झाल्यावर ठरावीक टक्के देणं म्हणजे सरळ त्याच्या आड येणं. जाहिरातीचा खर्च म्हणून बिल घेणं वेगळं, पॉलिसीमागे कमिशन वाटणं वेगळं. समोरचा 'सगळे करतात' म्हणाला तर चहा घेऊन निघावं.

या तिघांच्या तुलनेत जी सेवा कुणीच विकत नाही तिला आम्ही सगळ्यात जास्त गुण देऊ: शाखेतली अनाथ पॉलिसींची यादी. ज्या पॉलिसीचा एजंट वारला, सोडून गेला किंवा ज्याची एजन्सी बंद झाली ती अनाथ पॉलिसी. एलआयसीसारख्या १९५६ पासूनच्या संस्थेत अशा पॉलिसी प्रत्येक शाखेत असतात. लोकमान्य नगर, रामबाग, राजेंद्र नगर अशा जुन्या मराठी वस्त्यांत तर आई-वडिलांनी नव्वदच्या दशकात घेतलेल्या, २५ किंवा ५० हजार विमा रकमेच्या पॉलिसी अजून कपाटात आहेत. विचारपूस करणारं कुणी नाही. तुमच्या विकास अधिकाऱ्यामार्फत शाखा व्यवस्थापकाकडे लेखी मागा की अमुक भागातल्या अनाथ पॉलिसींची सेवा करायची आहे. देणं न देणं त्यांच्या हातात असतं; एकदम शंभर नका मागू, वीस मागा, त्यांची कामं करून दाखवा, मग पुढच्या वीस. त्या हप्त्यांवर कमिशन मिळेल या आशेने जाऊ नका.

जायचं ते कामासाठी. अशा घरात हमखास निघणारी कामं चार. नॉमिनी जुना असतो: लग्नाआधी आईचं नाव लिहिलेलं, आई आता नाही, बायकोचं नाव कधी चढलंच नाही. फॉर्म ३७५० भरून ते बदलता येतं. बँक खातं जोडलेलं नसतं, म्हणून मॅच्युरिटीचे पैसे अडकतात. त्याला एनईएफटीचा फॉर्म आणि रद्द केलेला चेक लागतो. पत्ता आणि मोबाइल जुना असल्याने हप्त्याची सूचना येत नाही. आणि चौथं, पॉलिसी लॅप्स, म्हणजे हप्ते थकल्याने बंद, झालेली असते. पारंपरिक पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून ५ वर्षांच्या आत चालू करता येते, युलिप (बाजाराशी जोडलेली पॉलिसी) असेल तर ३ वर्षांच्या. थकलेले हप्ते, व्याज, आणि मुदत जास्त उलटली असेल तर प्रकृतीचं निवेदन म्हणजे फॉर्म ६८०, कधी मेडिकलही. इथे एक गोष्ट घरच्यांना आवर्जून सांगायची: पुन्हा चालू केल्यावर कलम ४५ ची तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात, म्हणून मधल्या काळात लागलेली शुगर किंवा झालेलं ऑपरेशन लिहायलाच हवं. विशेष रिव्हायव्हल मोहीम चालू असेल तर विलंब शुल्कात सवलत असते, तेव्हा शाखेत आधी विचारून मगच घरी जावं.

दारात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य विमा घ्या असं नसावं. 'काकू नमस्कार, मी एलआयसीचा एजंट. हे माझं ओळखपत्र. काकांच्या पॉलिसीचे एजंट आता नाहीत, म्हणून शाखेने तुमचं काम माझ्याकडे दिलंय. खात्री करायची असेल तर शाखेत फोन करून हा पॉलिसी नंबर सांगा, मी थांबतो.' हे शेवटचं वाक्य गाळू नका. 'तुमच्या पॉलिसीवर बोनस अडकलाय' म्हणून फसवणारे फोन इतके आले आहेत की म्हातारी माणसं नंबर ऐकूनच घाबरतात. मूळ पॉलिसी बाँड ताब्यात घेऊ नये, झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो पुरतो. रोख हप्ता हातात घेऊ नये, ऑनलाइन तिथेच भरून पावती दाखवावी. 'शाखेतून आलोय' असंही म्हणू नये. त्याचा अर्थ कर्मचारी असा घेतला जातो.

चार कामांपैकी एक झालं की त्या घरातला मुलगा किंवा सून स्वतः विचारते. ५० हजारांचं कव्हर आज पुरत नाही हे सांगायला तक्ता लागत नाही, गृहकर्जाचं पासबुक पुरतं. पुण्या-बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाचा नंबर काकूच देतात. हा नंबर आणि फॉर्ममधून आलेला नंबर यांतला फरक पहिल्या फोनवरच कळतो.

यात उणीव नाही असं नाही. वेळ जातो. पहिले दोन-तीन महिने हातात काही पडत नाही, आणि खाजगी कंपनीच्या एजंटाला इतकी जुनी यादी मिळतच नाही. त्याने लॅप्स यादी आणि सोडून गेलेल्या एजंटांच्या पॉलिसी आपल्या व्यवस्थापकाकडून मागाव्यात, त्या कमी निघतील पण निघतील. एलआयसीच्या महिला एजंटांच्या योजनेत विमा सखी म्हणून लागलेल्या बायकांना पहिल्या वर्षी महिन्याला ₹७,००० मिळतात आणि वर्षाला २४ जणांचा विमा करायची अट असते. हे पैसे लीडमध्ये घालू नयेत, वहिनींच्या भिशीत आणि शाळेच्या पालकसभेत ओळख असणाऱ्या बाईला लीड विकत घेण्याचं कारण नाही. ओळखीत विकताना मात्र हात आखडता ठेवावा. इंदूरचा मराठी समाज मोठा आहे पण नाटकाला, गणपतीला तीच तोंडं भेटतात; एकाच्या गळ्यात नको ती पॉलिसी मारली की ती गोष्ट पुढच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत पोचलेली असते.

व्यापाऱ्यांसाठी एक विषय मात्र ओळखीशिवायही चालतो, तो म्हणजे १८७४ च्या मॅरिड वुमेन्स प्रॉपर्टी ॲक्टखालची पॉलिसी. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्यावर घेतलेली, बायको-मुलांच्या लाभासाठीची. एकदा तशी घेतली की धंद्यातल्या घेणेकऱ्यांना तिच्यावर साधारणपणे हात घालता येत नाही. ती प्रपोजलच्या वेळीच पुरवणी फॉर्म भरून करावी लागते, नंतर करता येत नाही. उधारीवर चालणाऱ्या बाजारात हे ऐकायला दुकानदार गल्ल्यावरून मान वर करतो. लीडवाल्यांच्या एकाही फॉर्मवर हा विषय दिसत नाही.

तर लाइव्ह लीडला पाचपैकी दोन, आणि तेही दोन वर्षं झालेल्या एजंटाला, ज्याच्याकडे फोन करायला मदतनीस आहे आणि रिन्युअलचं थोडं उत्पन्न सुरू आहे. घ्यायचीच असेल तर सर्वात लहान पॅक घ्या, वीस-पंचवीस नावांचा. करारात 'बाद लीड' म्हणजे काय हे लिहून घ्या: चुकीचा नंबर, शहराबाहेरचा, वयाबाहेरचा, फॉर्म भरलाच नाही म्हणणारा. बहुतेक ठिकाणी फक्त चुकीचा नंबर बदलून देतात आणि तोही ४८ तासांत कळवला तर. फॉर्मवर तुमचं नाव घेऊन परवानगी मागितली आहे का, त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह मागा. तक्रार आली तर तोच कामाला येतो. लीड आल्या त्याच तासात फोन करा, न उचलल्यास एक मेसेज, संध्याकाळी सातनंतर एकदा पुन्हा, मग सोडा. बिल जीएसटी नंबरसह स्वतःच्या नावाने घ्या आणि त्यावर 'जाहिरात सेवा' असंच लिहिलेलं आहे ना, ते पैसे पाठवण्यापूर्वी वाचा.